मोरचूद

चहा बशीत ओतता ओतता आसराबाई म्हणाली, "तुझ्या लग्नातलं ते चांदीच्या कागदाचं रुखवत, शिवकन्या, मला लई आवडलं होतं बघ," आणि बशी तोंडाला लावून मोकळी झाली. शिवकन्येच्या हातात बिस्किटांची ताटली होती. ती ना खाली ठेवता आली, ना पुढं करता आली. खालच्या रस्त्यावरून सळयांनी भरलेला ट्रक खडखडत गेला. नव्या जालन्यात असे ट्रक दिवसभर जातात आणि मांडणीवरची भांडी दिवसभर थरथरतात, एरवी तिला त्याचं भानही नसे. आज मात्र एकेक पेला वेगळा ऐकू आला. आवडलं होतं. लई आवडलं होतं. नणंद समोर पाय पसरून बसली होती, मे महिन्याच्या उन्हातून आलेली, पदरानं मान पुसत, आणि तिच्या चेहऱ्यावर खोटं बोलणाऱ्या माणसाची एक रेघ नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. म्हणजे ही बाई विसरली. सोळा वर्षं आपण जे उराशी धरून बसलो, ते हिनं त्याच दिवशी संध्याकाळच्या जेवणाबरोबर पचवून टाकलं.

"बेबीनंदाचं जमलं ना," आसराबाई सांगत होती. "बदनापूरचं स्थळ. पोरगा शेतकी केंद्रात कामाला हाय. त्याची आई शाळेत बाई होती, लई शिकेल. ती म्हणती, भांडी-बिंडी काही नको, घर भरेल हाय आमचं. पोरीच्या हातचं रुखवत मांडा, तेवढंच पाहायचं. आता आमच्या पोरीच्या हातात काय हाय, तुला माहीतच हाय. टीव्हीचं बटण. मंग मी म्हणलं, आपली शिवकन्या हाय की. मोर कर, बैल कर, हत्ती कर. नाव बेबीनंदाचं लागंल, पण घरातलंच हाय ना सगळं. खर्चा माझा."

"करते की, आक्का," शिवकन्या म्हणाली. इतक्या झटकन म्हणाली की आपल्याच आवाजाचं तिला नवल वाटलं. मग तिनं बिस्किटं पुढं केली. आसराबाईनं दोन उचलली, एक चहात बुडवलं, ते मोडून बशीत पडलं, ते बोटानं काढून खाल्लं. शिवकन्या पाहत राहिली. नणंदेला खाताना पाहणं हा तिचा जुना छंद होता. आजवर तिनं या बाईचे बारीकसारीक सूड पुष्कळ घेतले होते आणि त्यातला एकही कुणाला कळला नव्हता: मुक्कामाला आली की अंगाला टोचणारा खरबरा टॉवेल द्यायचा, डुगडुगणारा पाट मांडायचा, भाकरी वाढताना करपलेली बाजू खाली करायची. सणाची साडी घ्यायची तर रंग असा निवडायचा की आधीच सावळी असलेली आसराबाई त्यात काळीठिक्कर दिसावी. आसराबाई ती साडी नेसून गावभर सांगायची, वहिनीनं घेतली, जालन्याची हाय. असल्या बाईचं करावं तरी काय. उगारलेली काठी गादीवर पडावी तसं व्हायचं. इंद्रभान, शिवकन्येचा नवरा, एसटीच्या डेपोत नोकरीला. त्याला वाटे आपली बायको आणि आपली बहीण यांचं चांगलं जमतं. दहा माणसांत तो तसं बोलूनही दाखवायचा.

आसराबाई गेल्यावर शिवकन्येनं बशी विसळली, आणि पंख्याखाली नुसती बसून राहिली. आप्पा आठवायला हवे होते, पण आधी वास आठवला. उकळत्या खळीचा, त्यात चहाच्या पेटीचा. तिचे वडील, कडूबा, मंठ्याला बाइंडिंगचं काम करत. भाऊबंद सगळे मेंढरांमागं हिंडणारे. हे एका पायानं अधू, म्हणून बसल्या कामाला लागले. शाळेची पुस्तकं, तहसिलातले दप्तराचे गठ्ठे, देवळातल्या पोथ्या, जे येईल ते शिवायचे, चिकटवायचे, दाबाखाली ठेवायचे. एकदा कुठल्याशा शाळेतून एक फाटकं इंग्रजी पुस्तक आलं, कागदाच्या घड्या घालून जनावरं करायचं. बापलेकींना त्यातलं अक्षर वाचता येईना. बाण मात्र वाचता येत होते. कागद इकडून तिकडं, मग उलटा, मग आत. साध्या कागदाचा हत्ती व्हायचा, पण घटकाभरात त्याचे पाय फाकायचे, सोंड सरळ व्हायची, आणि सकाळी पाहावं तर हत्तीच्या जागी एक ओशाळलेला कागद. मग आप्पांनी डोकं चालवलं. किराणा दुकानात चहाच्या मोठ्या लाकडी पेट्या येत, त्यांना आतून चांदीचा पत्रा लावलेला असे, कागदासारखा पातळ. रिकाम्या पेट्यांतला तो पत्रा त्यांनी अल्लाद सोडवून आणला, काचेवर पसरून लाटण्यानं सपाट केला, आणि त्याच्या दोन्ही अंगांना पतंगाचा कागद चिकटवला. तो कागद जिथं वळवावा तिथं राही. पाय वाकवा, वाकलेला. सोंड उचला, उचललेली. कान पुढं करा, जनावर ऐकत असल्यासारखं. बाइंडिंगच्या दुकानातल्या गठ्ठ्यांमध्ये बसून बापलेकींनी तो पहिला हत्ती किती वेळ पाहिला असेल देव जाणे, आई जेवायला हाका मारून दमली.

खळ करायची तर आप्पांचा कायदा होता. मैदा थंड पाण्यात कालवायचा, मंद आचेवर शिजवायचा, फडक्यातून गाळायचा, आणि वर मोरचुदाची पूड. निळी निळी पूड, खळीला आकाशाची झाक आणणारी. विषारी असते, हात धुतल्याशिवाय तोंडाला लावायचा नाही. काही बाइंडर खळीत गुळाचं पाणी घालतात, त्यानं कागद मऊ राहतो. आप्पा त्यांना बाइंडर म्हणतच नसत. "गूळ घालणं म्हंजे किडीला जेवायला बोलावणं," ते म्हणायचे. "मोरचूद राखणदार हाय. कीड येती, चाखती, मागं फिरती." आणि राखणदार जरा जास्तच घालायचे, त्यांचा हात सैल होता. मग बकऱ्याच्या केसांचा कुंचला, मधून कडेकडे, कडेला जाताना हलका. कागद लाटण्याला गुंडाळून हळूहळू उलगडत पत्र्यावर सोडायचा, वारा आत राहिला की तिथं फोड आणि फोड आला की तिथंच फाटणार. शिवकन्येचं लग्न ठरलं तेव्हा आप्पांना खोकल्यानं धरलेलं होतं, भांडी घ्यायची ऐपत नव्हती, आणि त्यांनी आख्खा हिवाळा बसून लेकीच्या रुखवतासाठी कागद केला. तिनं त्याचे मोर केले, बैलजोडी केली, मेंढ्यांचा कळप केला, आणि एक हत्ती, वासराएवढा नाही पण मांजराएवढा तरी. मांडवात रुखवत मांडलं तेव्हा आप्पा खुर्ची घेऊन त्या टेबलाशेजारीच बसले. जेवायलाही उठले नाहीत.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, सासरच्या अंगणात, अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटवायला बसली होती आसराबाई. शिवकन्या नवी नवरी, हाताला ओली हळद, दारात उभी. काटक्या ओल्या होत्या, पेट घेत नव्हत्या. आसराबाई उठली, ओसरीवर ठेवलेल्या टोपल्यातून मोर घेतला आणि बंबात घातला. मग दुसरा. बोलली काय तर, "कागद तर हाय, कशाला ठिवायचा. भांडं आणलं असतं तर ठिवलं असतं." आणि जाळ हिरवा झाला. मोरचुदामुळं. हिरवागार, पोपटी, नागपंचमीच्या बांगड्यांसारखा. आसराबाई हरखून गेली. "या रे या, जल्दी या, हिरवा जाळ पाहा," तिनं घरादारातल्या पोरांना हाका मारल्या. पोरं धावत आली, टाळ्या पिटू लागली, चार वर्षांची बेबीनंदाही त्यात होती, आणि पोरांना आणखी पाहायचं म्हणून बैल गेले, मेंढ्या गेल्या, सगळ्यात शेवटी हत्ती, तो मोठा होता म्हणून मोडून घालावा लागला. नवी नवरी सासरच्या अंगणात बोलणार काय आणि कुणाला. दुपारी तिला भांडी घासायला बसवली, समोर बंबातली राख. तिनं राखेत हात घातला तर हाताला काहीतरी लागलं. कागद जळून गेला होता, आतला पत्रा राहिला होता. काळा पडलेला, चुरगळलेला, पण बैलाचं शिंग बैलाचंच होतं. त्या राखेनं तिनं लग्नातली सगळी भांडी घासली. शिंग, पाय, सोंडेचा तुकडा, सगळं नारळाच्या शेंडीत धरून घासलं. भांडी लखलखीत निघाली आणि सासूनं कौतुक केलं.

ती पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा आप्पांनी विचारलं, "हत्तीला लोक काय म्हणले गं?" अंथरुणावर उठून बसले होते विचारायला. तिनं सांगितलं, "सगळ्यांना लई आवडला, आप्पा." ते हसले, आणि उशाखालून पुठ्ठ्याची नळी काढून तिच्या हातात दिली. त्यात एक ताव उरला होता, दोन्ही बाजूंनी तयार, निळसर. पुढचा हिवाळा संपायच्या आत आप्पा गेले. नळी शिवकन्येनं या भाड्याच्या घरातून त्या भाड्याच्या घरात नेली, ट्रंकेच्या तळाशी, साड्यांच्या खाली, एकदाही उघडली नाही. आता सोळा वर्षांनी तिचेच शब्द आसराबाईच्या तोंडातून आले होते. लई आवडलं. जणू खोटं तिनं सांगितलं आणि ते फिरत फिरत नणंदेकडं जाऊन तिथं खरं होऊन बसलं.

दुसऱ्या दिवशी तिनं स्टेशन रोडच्या दुकानातून पोळ्या गुंडाळायच्या चांदीच्या कागदाची गुंडाळी आणली, आणि पतंगाच्या कागदाचे ताव, जांभळे, पिवळे, पांढरे. इंद्रभान ड्यूटीला गेला की ती खिडक्या लावून घ्यायची आणि पंखा बंद करायची, नाहीतर पत्रा उडतो. ती घामानं निथळायची. काचेच्या टेबलावर पत्रा पसरायची आणि लाटणं फिरवायची. आप्पांच्या चहाच्या पेटीचा पत्रा जाड होता, हा नवा भित्रा, नख लागलं की भोक. पण हात विसरले नव्हते. तिलाच आश्चर्य वाटलं, इतकी वर्षं पोळ्या लाटून, धुणी धुऊन, हे हात आतल्या आत तेच करत बसले होते की काय. मैदा शिजत आला तेव्हा मोरचुदाची पुडी ओट्यावर होती. सकाळीच आणलेली. आणि शेजारी गुळाचा डबा होता, तो रोजच असतो. तिनं डबा उघडला, सुपारीएवढा खडा काढला, पाहिला, परत ठेवला, आणि मग लिंबाएवढा काढला. मोरचुदाची पुडी न सोडता तशीच राहिली. गूळ खळीत सोडताना तिला धडधडलं नाही की काही नाही. उलट छातीत एक गार गार वाटायला लागलं. कमीत कमी वर्षभर तरी काही होणार नाही, तिनं हिशोब केला. बदनापूरच्या त्या शिकलेल्या बाईच्या घरात काचेचं कपाट असणारच. त्यात हे मोर बसतील, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवले जातील, सुनेच्या हातचे म्हणून. आणि मग एखाद्या पावसाळ्यात कसर लागेल, झुरळं लागतील, पिसाऱ्याची चाळणी होईल, बैलाचं पोट फुटेल. विहीणबाई आसराबाईला बोलावून दाखवतील, हे पाहा तुमच्या लेकीचं काम, आतून किडकं. आसराबाईचा चेहरा तेव्हा कसा होईल, हे मनाशी रंगवत तिनं ताव लाटण्याला गुंडाळला आणि पत्र्यावर उलगडला. एकही फोड आला नाही. रागात हात इतका स्थिर राहतो हे तिला माहीत नव्हतं.

बेबीनंदा एकदा येऊन गेली, बस्त्याच्या खरेदीला जालन्याला आली होती तेव्हा. दारातच थबकली. टेबलावर बैलजोडी उभी होती, एक बैल मान वळवून दुसऱ्याकडं पाहत होता. "मामी, हे तुम्ही केलं?" तिनं हात लावला नाही, नुसती वाकून पाहत राहिली. मग म्हणाली, "मला एक तरी शिकवा ना. तिथं कुणी विचारलं, करून दाखव म्हणलं, तर मी काय करू?" पोरगी सरळ होती. आसराबाईच्या पोटी कशी आली कुणास ठाऊक. शिवकन्येनं तिच्याकडं पाहिलं आणि तिला टाळ्या पिटणारी चार वर्षांची पोर दिसली. त्या पोरीचा काय दोष, हे तिला कळत होतं. कळत होतं म्हणूनच तिनं मान खाली घातली आणि घडीवर नख फिरवलं. "तुझ्या आईला विचार," ती म्हणाली. "तिलाच लई हौस आहे रुखवताची." बेबीनंदा थोडा वेळ बसली, पाणी प्यायली, गेली. शिवकन्येला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आसराबाईच्या स्वतःच्या लग्नात रुखवतच नव्हतं, हेही तिला नेमकं त्याच दिवशी आठवलं. बहात्तरच्या दुष्काळात, खडी फोडायच्या कामावरून उठून, उसन्या लुगड्यात ती बोहल्यावर चढली होती. इंद्रभाननंच कधी तरी सांगितलं होतं. असेल. म्हणून काय दुसऱ्याचं जाळायचं? शिवकन्येनं ती आठवण बाजूला सारली, जशी जेवायच्या ताटातली कढीपत्त्याची पानं सारतो, आणि पुढचा ताव घेतला.

मोर झाले, बैल झाले, मेंढ्यांचा कळप झाला. हत्ती राहिला. हत्तीच्या मापाचा ताव तिनं दोनदा चिकटवून पाहिला आणि दोन्ही वेळा पत्रा मधे चिरला. तेव्हा तिनं ट्रंक उघडली. नळीतून ताव बाहेर काढला तर चहाचा वास आला, अगदी अंधुक, की आपल्याला वाटलाच नुसता, हे ठरवता येईना. एवढ्या वर्षांत त्याला कशाचंही तोंड लागलेलं नव्हतं, साड्यांना कसर लागली, त्याला नाही. आणि तिला एकदम सगळं बराबर दिसलं. हा हत्ती आप्पांच्या कागदाचा. गुळाची बाकी सगळी जनावरं भुगा होऊन पडतील आणि मधोमध हा तसाच उभा राहील. मग कुणीतरी विचारील, हा एकच कसा टिकला? आणि त्या दिवशी आपण बोलू. आसराबाईच्या समोर, दहा माणसांत, हा माझ्या बापाचा आहे, तू जाळलेल्यांतला उरलेला. हे वाक्य तिनं पुन्हा पुन्हा घोळवलं. त्या सुखात तिनं आप्पांच्या शेवटच्या तावाला पहिली घडी घातली. घडी घालताना हात जरा थांबला होता, नाही असं नाही. पण थांबला तो थांबलाच, मागं फिरला नाही.

लग्न आसराबाईच्या गावी, जाफराबादकडं. सकाळच्या गाडीनं खोकी मांडीवर घेऊन शिवकन्या आणि इंद्रभान आले. शाळेचं मैदान, मैदानात मांडव. रुखवताचं टेबल आसराबाईनं शाळेच्या वऱ्हांड्यात लावून घेतलं होतं, सावली आहे म्हणून. शेजारच्या वर्गात काय आहे हे शिवकन्येनं पाहिलं नाही. तिथं बुंदीच्या पराती भरून ठेवल्या होत्या. तिनं जनावरं मांडली, कळप एका अंगाला, बैल पुढं, मोर दोन्हीकडं, मधे हत्ती. गावच्या बायका गोळा झाल्या. "आमच्या बेबीनंदाच्या हातचं हाय," आसराबाई एकेकीला सांगत होती, "चांदीचा कागद हाय आत, घरी करावा लागतो," आणि सांगताना तिचा ऊर भरून येत होता. तिचा स्वतःचाच विश्वास बसला होता. शिवकन्या खांबाला टेकून ऐकत होती. पाहून घे, ती मनात म्हणत होती, पाहून घे डोळे भरून.

दुपार कलायच्या आधीच पहिली मुंगी तिला दिसली. वर्गाच्या उंबऱ्यातून रांग निघाली होती, बुंदीवरून उठलेली, आणि ती टेबलाच्या पायावरून वर चढत होती. लाल, बारीक, चावऱ्या. शिवकन्येनं हिशोब केला होता झुरळांचा, कसरीचा, पावसाळ्याचा. गूळ म्हटल्यावर मुंगी, ही पोरासोरांना कळणारी गोष्ट तिच्या डोक्यातच आली नव्हती. जालन्यात तिनं ओट्याला मुंग्यांचा खडू मारलेला असायचा. पाहता पाहता मोराची मान लाल झाली. मेंढ्या हलायला लागल्यासारख्या दिसल्या. रांग हत्तीच्या पायापाशी गेली, थबकली, चाचपली, आणि वळसा घालून पुढं बैलावर चढली. हत्तीला एकही शिवली नाही. राखणदार बसलेला होता आत. शिवकन्येला तिथल्या तिथं हत्ती उचलून पदराखाली घेता आला असता, हात लांब करायचा अवकाश होता. पण तेवढ्यात आसराबाई आली, आणि तिचा चेहरा शिवकन्येला पाहायचा होता. सोळा वर्षं पाहायचा होता. ती पाहत राहिली.

"अगं माय," आसराबाई म्हणाली. रंग उतरला तिचा. तिनं पदरानं झटकलं, मुंग्या हाताला चावल्या, तिनं हात झाडला, मोर खाली पडला. फाटकाशी बदनापूरची जीप येऊन थांबली होती, विहीणबाई उतरत होत्या. आसराबाईनं इकडं तिकडं पाहिलं, बुंदीची एक रिकामी परात दिसली, ती टेबलाच्या कडेला लावली आणि हाताच्या एका फटकाऱ्यात सगळं परातीत लोटलं. कळप, बैल, मोर, हत्ती. "आक्का, थांबा," शिवकन्या म्हणाली. की म्हणाली असं तिला वाटलं. आसराबाई परात घेऊन मागं पळाली होती, जिथं आचाऱ्याची भट्टी पेटलेली होती. शिवकन्या मागं धावली. लग्नाच्या नव्या साडीत, निऱ्या हातात धरून. ती पोचेपर्यंत परात पालथी झाली होती.

गुळाचे मोर नुसते पिवळे जळले, एक खरपूस वास सुटला. मग हत्तीनं पेट घेतला आणि जाळ हिरवा झाला. हिरवागार, भट्टीच्या तोंडातून वर आलेला. आचारी झारा घेऊन मागं सरकला, म्हणाला, "काय घातलं बाई ह्याच्यात?" आसराबाई हलली नाही. परात तिच्या हातात तिरकी राहिली होती, आणि चेहऱ्यावर तो हिरवा उजेड. तिचे ओठ जरासे सुटले. शिवकन्येला वाटलं, आता ही हसेल, पोरांना हाका मारील, या रे या. पण आसराबाई हसली नाही. ती जाळाकडं पाहत राहिली, आणि मग फार हळू, मान वळवून, तिनं शिवकन्येकडं पाहिलं.

"बंबात," ती म्हणाली. "तुझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. आपल्या अंगणात."

"हो, आक्का."

"ते... तुझं रुखवत होतं. मी घातलं होतं." आसराबाई एकेक शब्द उचलून पाहत असल्यासारखी बोलत होती. "आन् मी तुला म्हणलं, लई आवडलं होतं." तिनं परात खाली टेकवली. "मंग तवा बोलली का न्हाईस तू? एक शब्द बोलली असतीस."

"तेव्हा मी भांडी घासत होते," शिवकन्या म्हणाली. "त्याच राखेनं."

बस, एवढंच. सोळा वर्षं घोळवलेली किती वाक्यं होती, त्यातलं एकही लागलं नाही. आसराबाईच्या चेहऱ्यावर जे व्हायला हवं होतं ते झालं, जसं हवं होतं तसंच, आणि शिवकन्येनं ते डोळे न मिटता पाहून घेतलं. बरं वाटलं तिला. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं. मग तिनं आचाऱ्याच्या हातातला चिमटा घेतला, भट्टीत वाकली, आणि निखाऱ्यातून हत्ती बाहेर ओढला. चहाच्या पेटीचा पत्रा जाड होता म्हणून राहिला होता, काळा, पाय दुमडलेले, सोंड वर. जमिनीवर टेकवून जरा निवू दिला आणि उचलून आसराबाईच्या हातात ठेवला. "हा माझ्या आप्पांच्या हातचा," ती म्हणाली. आसराबाईनं तो घेतला. कुठं ठेवावा हे तिला कळेना. मागून कुणीतरी हाक मारत होतं, विहीणबाई विचारतायत, मुलीची आई कुठंय.

रुखवताचं पुढं काहीच झालं नाही. विहीणबाईंना सांगितलं मुंग्या लागल्या, त्या म्हणाल्या, लागायच्याच, शेजारी बुंदी ठेवली तुम्ही, आणि बेबीनंदाच्या हनुवटीला हात लावून आत गेल्या. गोरज मुहूर्ताला भटजींनी पुकारा केला, मुलीच्या मामांनी मुलीला आणावं. इंद्रभान आणि शिवकन्या बेबीनंदाला दोन्हीकडून धरून मांडवात घेऊन आले. पोरीचा हात घामेजलेला होता. "मामी, तुमचे हात कशानं काळे झाले?" तिनं कुजबुजत विचारलं, आणि शिवकन्या म्हणाली, "भट्टीपाशी गेल्ते. तू पुढं बघ." अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली, लोक अक्षता टाकू लागले. समोर आसराबाई उभी होती, लेकीच्या लग्नात, हिरव्या शालूत. तिची एक मूठ घट्ट मिटलेली होती आणि बोटांच्या फटीतून चुरगळून गेलेल्या हत्तीच्या पत्र्याचं काळं टोक बाहेर आलं होतं. सगळ्यांचे हात वर जात होते, तिचा जात नव्हता. ती शिवकन्येकडं पाहत होती, आणि शिवकन्याही तिच्याकडं, दोघींपैकी कुणीच नजर काढेना. हेच हवं होतं. हे इतकंच हवं होतं. आणि ते मिळालेलं असताना, सनईच्या गलक्यात, तिला आप्पा ऐकू आले, अंथरुणावर उठून बसलेले, खोकला दाबत विचारणारे, हत्तीला लोक काय म्हणले गं? जळला, आप्पा, तिनं सांगितलं. एकदा तिनं जाळला. एकदा मी. मग पुढच्या कडव्याला तिनं सगळ्यांबरोबर अक्षता टाकल्या, आणि तळहाताला चिकटून राहिलेले काळे दाणे साडीला पुसले.